पेन्सिल कुणाची, शाई कुणाची

मराठी वाचक चित्रातल्या रेषेकडे सहीसारखा पाहतो. जुना दिवाळी अंक चाळताना दीनानाथ दलालांचे चित्र ओळखायला खालचे नाव वाचावे लागत नाही. वसंत सरवट्यांची बारीक, थोडी खाजवल्यासारखी रेषा किंवा शि. द. फडणीसांची गुळगुळीत, कुठेही न थांबणारी रेषा पाहताक्षणी ओळखू येते. ‘रेषेतून व्यक्तिमत्त्व प्रकट होते’ हे वाक्य आपल्याकडच्या चित्रविषयक लेखनात इतक्या वेळा आले आहे की त्यामागचे गृहीतक कुणी तपासत नाही. चित्राची कल्पना ज्याची, त्याचाच हात कागदावर शेवटपर्यंत फिरला, असे ते गृहीतक आहे. दलाल, सरवटे, फडणीस यांच्याबाबत ते खरेही आहे. चित्रकथेच्या, म्हणजे कॉमिक्सच्या, बाबतीत मात्र ते बहुतेक वेळा लागू पडत नाही, आणि आपण तिथेही तेच गृहीत धरून बोलत राहतो.

नागराजचे उदाहरण घेऊ. दिल्लीच्या राजा पॉकेट बुक्सने, म्हणजे राज कॉमिक्सने, १९८६ मध्ये हा नायक आणला. परशुराम शर्मांनी त्याच्या आरंभीच्या कथा लिहिल्या आणि त्याला रूप दिले ते मुख्यतः पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. मुळीक त्याआधीच ‘अमर चित्र कथे’चे नावाजलेले चित्रकार होते. बार्शीटाकळीसारख्या गावात ही हिंदी पुस्तके अकोल्याहून येत आणि हातोहात फिरत. एका पुस्तकातला नागराज रुंद छातीचा, जड हाडाचा, सावलीत घडवलेला. दुसऱ्यातला त्याच चेहऱ्याचा, पण हलका, थोडा लाकडी. मुखपृष्ठामागच्या पानावर मुळीकांच्या नावाबरोबर चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे अशी नावे दिसत. मुलांच्या लेखी ती छापखान्यातल्या माणसांची नावे होती. दोन नागराजांमधला फरक आणि ही नावे यांचा संबंध कुणी जोडत नसे.

तो संबंध समजण्यासाठी छपाईत शिरावे लागते. जस्ताचा लाइन ब्लॉक असो की पुढच्या काळातली ऑफसेटची फिल्म, रेषाचित्राच्या छपाईला दोनच गोष्टी कळत: काळे आणि कोरे. पेन्सिलीची रेघ करडी असते. ती कुठे दाबून आलेली असते, कुठे नुसती कागदावरून गेलेली असते. प्रोसेस कॅमेऱ्यापुढे अशी रेघ धरली, तर अर्धी उडते आणि अर्धी डागाळते. म्हणून पेन्सिलीवर काळी शाई चढवणे हा सौंदर्याचा प्रश्न होण्याआधी तांत्रिक गरजेचा प्रश्न होता. शाई वाळली की रबर फिरवायचे. मूळ रेखन त्या क्षणी नाहीसे होते, आणि जे उरते त्यालाच पुढे ‘मूळ’ म्हणतात.

पेन्सिलीतला चित्रकार एका खांद्यासाठी तीन रेघा ओढतो, कारण खांदा नेमका कुठे संपतो हे तो अजून शोधत असतो. शाई करणाऱ्याला त्या तिघींतली एकच निवडावी लागते. पेन्सिलीत गालाखाली करडी सावली असते. शाईत करडा रंगच नाही. मग तिथे समांतर बारीक रेघा द्यायच्या, कोरड्या ब्रशचा फटका मारायचा, सरळ काळे भरायचे, की सावली सोडूनच द्यायची? प्रत्येक उत्तराने माणसाचे वय बदलते. टाकाच्या निबने ओढलेली रेघ ताठ येते. सेबलच्या ब्रशने ओढलेली रेघ फुगते, आटते, आणि त्या फुगण्या-आटण्यातून स्नायूला वजन येते. जवळची वस्तू जाड रेघेत आणि दूरची बारीक रेघेत काढली की पानाला खोली येते. सगळे एकाच जाडीत काढले की तेच दृश्य भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखे सपाट होते. पेन्सिलीतला चित्रकार घोडा कुठे उभा आहे ते सांगतो. त्याचे कातडे घामाने चकाकते आहे की धुळीने मळले आहे, हे सांगणे बहुधा दुसऱ्याच्या हाती असते.

एका चित्रात दोन हात असणे आपल्या भूमीला नवे नाही. बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या हेमाडपंती देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे. त्याच्यासमोर उभे राहून आपण राजवंशाचे नाव आणि शक वाचतो. अक्षर दगडात उतरवणाऱ्या हाताचा विचार सहसा करत नाही. प्राचीन-मध्ययुगीन शिलालेखांत आणि ताम्रपटांत मजकूर रचणारा, तो लिहून देणारा आणि कोरणारा अशी वेगवेगळी माणसे अनेकदा असत, आणि कित्येक लेखांच्या अखेरीस कोरणाऱ्याचे नावही येते. छिन्नीच्या हातात अक्षराचा डौल असतो, चुकाही असतात, आणि लेख वाचणारा विद्वान त्या चुका कोरक्याच्या माथी मारून मजकूर शुद्ध करतो. म्हणजे कोरक्याचे कर्तृत्व मान्य होते ते मुख्यतः दोषाच्या रूपाने. चित्रकथेतल्या शाईवाल्याच्या वाट्याला हाच न्याय आलेला पुढे दिसेल.

अकबराच्या चित्रशाळेत याहून प्रामाणिक व्यवहार होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेल्या, १५९० च्या सुमाराच्या ‘अकबरनामा’च्या चित्रांखाली समासात कारकुनांनी नोंदी केल्या आहेत: ‘तरह’ अमक्याची, ‘अमल’ तमक्याचा. तरह म्हणजे आराखडा, रचना. अमल म्हणजे ती प्रत्यक्षात उतरवणे, रंगवणे. काही चित्रांवर चेहरे कुणी काढले त्याचे तिसरे नावही आहे. बसावनसारखा श्रेष्ठ चित्रकार अनेक ठिकाणी तरह करून बाजूला होतो आणि रंगकाम दुसऱ्याकडे जाते. पगार आणि हिशेब यांसाठी ठेवलेल्या या नोंदी आज कलेतिहासाला मोलाच्या ठरल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला शिळाछाप कारखाना हे याच साखळीतले आणखी एक उदाहरण. आपल्या आजोळच्या देवघरात जी ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ होती, ती रविवर्म्याच्या हातची नव्हती. तैलचित्र पाहून लिथोग्राफर प्रत्येक रंगासाठी वेगळ्या शिळेवर ते नव्याने रेखाटत असे. गालावरची मृदू छाया ठिपक्यांनी भरत असे. घराघरांत पोचलेली मुद्रा या अनाम माणसांची आहे. (दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी याच कारखान्यासाठी काम करत होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते. पुनर्निर्मितीच्या तंत्रातून थेट चलच्चित्राकडे गेलेला हा माणूस.)

अमेरिकेत चित्रकथेचा धंदा उभा राहिला तो १९३० नंतरच्या दशकात, आणि तेव्हापासूनच तो कारखान्याच्या पद्धतीने चालला. एकाने पेन्सिल करायची, दुसऱ्याने अक्षरे घालायची, तिसऱ्याने शाई, चौथ्याने रंग. दरमहा अंक निघायचा असेल, तर जो माणूस प्रसंग पटापट रचू शकतो त्याला शाईत अडकवून ठेवणे परवडत नाही. या विभागणीमागे कलेचा कोणताही सिद्धांत नव्हता. पानामागे मिळणारा दर आणि छापखान्याची तारीख एवढेच होते. पण तिच्यातून नकळत एक अपूर्व प्रयोग घडला. एकाच माणसाची पेन्सिल वर्षानुवर्षे वेगवेगळ्या हातांत गेली आणि प्रत्येक वेळी दुसरा माणूस होऊन परतली.

जॅक कर्बी हे त्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण. १९६१ मध्ये ‘फँटास्टिक फोर’ सुरू झाले तेव्हा पहिल्या दोन अंकांवर शाई करणाऱ्याचे नावच नव्हते. ती शाई जॉर्ज क्लाइनची असावी, हा निष्कर्ष अभ्यासकांनी पुढे केवळ रेषेच्या सवयी ताडून काढला, एखाद्या निनावी अभंगाचा कर्ता भाषेवरून ठरवावा तसा. त्यानंतर डिक एअर्स, चिक स्टोन असे हात येत गेले. १९६५ च्या अखेरीस ४४ व्या अंकापासून जो सिनॉट आला आणि कर्बी १९७० मध्ये ती मालिका सोडेपर्यंत प्रायः टिकला. सिनॉट न्यू यॉर्कपासून दूर सॉगर्टीझ गावी राहत असे. पाने टपालाने जात-येत. कर्बीच्या पेन्सिलीतला ओबडधोबड जोम त्याने घासूनपुसून चकचकीत केला. धातू धातूसारखा चमकू लागला, चेहरे रेखीव झाले, अवकाशात फुटणाऱ्या ऊर्जेच्या काळ्या ठिपक्यांना नेमके गोलपण आले. आज ‘कर्बीची शैली’ म्हणून जे डोळ्यांपुढे येते त्यातला मोठा वाटा सिनॉटचा आहे.

त्याच काळात ‘थॉर’वर व्हिन्स कॉलेटा शाई करत होता. त्याची रेघ केसासारखी बारीक, तुटक, टाकाने खरवडलेली. देवादिकांच्या कथेला त्यामुळे जुन्या कोरीव छापचित्राची कळा आली, आणि ती अनेकांना आवडली. पण कॉलेटा वेळ वाचवण्यासाठी चित्रातली माणसे पुसत असे. पाठीमागची गर्दी काळ्या आकृतीत बुडे, इमारतीच्या खिडक्या नाहीशा होत, कधी अख्खे पात्र रबराखाली जाई. कर्बी १९७० मध्ये डीसी या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेत गेला, आणि तिथेही सुरुवातीला पाने कॉलेटाकडेच गेली. या वेळी मात्र एक फरक पडला. कर्बीने पेन्सिलीच्या पानांच्या झेरॉक्स प्रती ठेवायला सुरुवात केली होती. त्याच्या तरुण सहायकांनी छापील पान आणि प्रत शेजारी ठेवून पुसलेली माणसे मोजली. १९७१ मध्ये काम माइक रॉयरकडे गेले.

रॉयर जे पेन्सिलीत आहे तेच शाईत आणणारा. त्याने एकदा बिग बार्डा या धिप्पाड स्त्री-पात्राचा चेहरा थोडा सुंदर केला, तेव्हा कर्बीने मूळ चेहरा परत चिकटवायला लावला आणि पुन्हा चेहऱ्यांना हात लावू नये असे बजावले. रॉयरच्या शाईतला कर्बी खडबडीत आहे, चौकोनी बोटांचा, विचित्र गुडघ्यांचा. पण तो त्याचा स्वतःचा आहे. गंमत अशी की याच काळात त्याने काढलेल्या सुपरमॅनचे चेहरे डीसीने दुसऱ्या चित्रकारांकडून पुन्हा काढून घेतले, कारण तो संस्थेच्या सुपरमॅनसारखा दिसत नव्हता. शरीर एकाचे, शाई दुसऱ्याची आणि तोंड तिसऱ्याचे. अकबराच्या कारकुनाने तिन्ही नावे लिहिली असती.

कॉलेटाला खलनायक ठरवून हा विषय अनेकदा संपवला जातो. मला तो निवाडा अपुरा वाटतो. त्याला पानामागे पैसे मिळत, आणि एखादा अंक तारखेला निघणार नाही असे दिसले की संपादक त्याच्याचकडे धावत. एका रात्रीत पाने करून देणारा माणूस हवा, पण त्याने एकही खिडकी वगळू नये, ही अपेक्षा त्या दरात बसत नव्हती. त्याने पुसलेली माणसे ही त्या व्यवस्थेच्या हिशेबातली तूट होती. मात्र त्या तुटीचा डाग पडला कर्बीच्या नावावर: वाचकाला वाटत राहिले की मूळ चित्रकारालाच पार्श्वभूमीचा कंटाळा आहे.

उलट बाजूचा पुरावाही पाहावा. जीन कोलन या चित्रकाराची पेन्सिल धुरासारखी होती. सावल्या एकमेकींत विरघळलेल्या, कडा कुठेच नाहीत. ती शाईत आणणे जवळपास अशक्य मानले जाई. १९७० च्या दशकात ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’साठी टॉम पामरने ते केले, पण धुराचे जे भाषांतर त्याने केले ते त्याचे आहे, त्यातल्या रेघा कोलनने कधी ओढल्याच नव्हत्या. पुढे १९८४ मध्ये ‘नथॅनिएल डस्क’ ही कोलनची मालिका थेट पेन्सिलीवरून छापली गेली. शाई गेल्याने कोलन अधिक शुद्ध दिसायला हवा होता. काही पानांवर तो दिसतोही. पण अनेक पानांवर सगळेच करडे होऊन नजर कुठे ठेवावी ते कळत नाही, आणि पामर गप्पपणे किती काम करत होता ते तेव्हा उमगते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सारे ओळखीचे वाटायला हवे. आमच्या वऱ्हाडात रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ प्रत खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत गेली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या, आणि त्यातून हिराइसा पाठासारखे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. वि. भि. कोलते यांची १९७८ ची संपादित आवृत्ती वाचताना आपण म्हाइंभट वाचतो, आणि त्याच वेळी स्मरण करणाऱ्यांचा, लेखनिकांचा व संपादकाचा हातही वाचतो. पाठचिकित्सा आपल्याला हे धीराने सहन करायला शिकवते. छापलेले चित्रकथेचे पान हाही एक पाठ आहे. पेन्सिल ही हरवलेली मूळ पोथी आणि शाई हा एका विशिष्ट हाताने सिद्ध केलेला पाठ. कर्बीचे भाग्य एवढेच की त्याच्या बाबतीत पोथीच्या झेरॉक्स प्रती सापडल्या. १९९४ पासून निघालेल्या ‘द जॅक कर्बी कलेक्टर’ या नियतकालिकाने त्या छापल्या आणि तुलना करणे शक्य झाले.

आपल्याकडे ही तुलना होऊ शकेल असे काम थोडे नाही. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने कथालेखक आणि चित्रकार यांची नावे छापण्याची चांगली प्रथा पाडली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही मराठी नावे त्यामुळे देशभर पोचली. दिलीप कदमांनी १९७९ मध्ये ‘बाबासाहेब आंबेडकर’ आणि १९८५ पासून ४२ भागांचे ‘महाभारत’ काढले. पण ‘चित्रे’ या एका शब्दात पेन्सिल, शाई आणि रंग हे सगळे सामावून गेले. नागराजच्या पुस्तकांतली मुळीक–चंदू किंवा मुळीक–मिसाळ–कांबळे ही जोडनावे त्या मानाने पुढचे पाऊल होते. प्रमुखाने रचना करायची, हाताखालच्यांनी ती पुरी करायची, ही गुरु-शिष्यांच्या चित्रशाळेची जुनी रीत त्यांत दिसते. सुतार, मूर्तिकार, गणपतीचे कारखाने यांत ती आजही आहे. गणपतीचे डोळे कारखान्याच्या मालकानेच लिहायचे, बाकी अंग कुणीही रंगवावे.

१९९० च्या दशकाच्या मध्यास नागराज अनुपम सिन्हांकडे गेला. त्यांच्या पुस्तकांत ‘इंकिंग : विनोदकुमार’ अशी वेगळी ओळ ठळकपणे दिसते. हिंदी चित्रकथेच्या वाचकांना शाईवाला हा स्वतंत्र कलावंत आहे हे शिकवण्यात या एका ओळीचा वाटा मोठा मानायला हवा. सिन्हांची पाने गच्च भरलेली: लहान लहान चौकटी, उडणारे दगड, तुटणाऱ्या भिंती, एकाच चौकटीत पाच-सहा पात्रांची हाणामारी. इतक्या गर्दीत रेघ जाड झाली तर सगळे काळवंडते आणि सारखी बारीक राहिली तर नायक भिंतीत हरवतो. विनोदकुमारांची रेघ स्वच्छ, सावध आणि स्वतःकडे लक्ष न वेधणारी आहे. तिच्यात मुळीकांच्या काळातले ब्रशचे मांसल वजन नाही, पण पान वाचता येते, आणि ती पाने मुलांनी अक्षरशः भिंग लावून वाचली. मुळीकांचा नागराज अधिक सुंदर आहे असे मला वाटते, आणि सिन्हा–विनोदकुमार यांचा अधिक वाचनीय.

तंत्राने आता या साऱ्याचे स्वरूप बदलले आहे. पेन्सिलीचे पान स्कॅन करून फिकट निळ्या रंगात दुसऱ्या कागदावर छापतात आणि शाई त्यावर होते. मूळ पेन्सिल जशीच्या तशी राहते. कित्येक जण पडद्यावरच शाई करतात, कित्येक प्रकाशक पेन्सिलीवरून सरळ रंगाकडे जातात. छपाईला आता करडा रंग कळतो, त्यामुळे शाईची तांत्रिक गरज उरलेली नाही. तरीही ती टिकली आहे, कारण वाचकाच्या डोळ्याला काळ्या रेघेची सवय लागली आहे. दलाल-सरवट्यांच्या अंकांवर वाढलेल्या आपल्याला ही सवय वेगळी समजावून सांगायला नको.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर नागराजची वेगवेगळ्या वर्षांची दोन पुस्तके पुरेत. चेहऱ्यापासून सुरुवात करू नये, कारण चेहऱ्यावर प्रमुख चित्रकाराची नजर सर्वांत जास्त असते. केस पाहावेत, कापडाच्या चुण्या पाहाव्यात, दूरची झाडे आणि गर्दी पाहावी. तिथे पेन्सिल सैल असते आणि शाईवाला मोकळा असतो. आणि मग नागराजच्या अंगावरचे हिरवे खवले पाहावेत. पेन्सिलीत दंडावर चार-सहा खवले काढून बाकीच्यांची दिशा दाखवली तरी भागते. शाईत मात्र ते सगळे, प्रत्येक चौकटीत, एकेक करून काढावे लागतात. काही पुस्तकांत ते स्नायूच्या गोलाईबरोबर वळतात आणि कडेला जाताना लहान होतात. काही पुस्तकांत ते कापडावरच्या छापासारखे सरळ बसवलेले आहेत. आणि काही पानांवर, बहुधा अंक छापखान्यात जायची तारीख जवळ आलेली असताना, कोपरापाशीच संपतात.